खाली जहाज, वर जहाज: ब्लॅक संगीतातले इतके लोक स्वतःला परग्रहावरचे का म्हणवतात?

रातराणी

२०१९ साली लेकीबरोबर वॉशिंग्टनला भावाकडे गेले होते. तिथल्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास आणि संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात (हे २०१६ साली उघडलं) एक अख्खा दिवस गेला. बघायला सुरुवात करायची ती जमिनीखालून. मोठी लिफ्ट खाली निघते आणि समोरच्या भिंतीवरची सालं मागे मागे जात राहतात, पार पंधराव्या शतकापर्यंत. दार उघडलं की अंधारं दालन. तिथे एका जागी लोखंडाचे गंजलेले ठोकळे मांडले होते. 'साओ जोझे' नावाचं पोर्तुगीज जहाज मोझांबिकहून चारशेच्या वर माणसं गुलाम म्हणून कोंबून ब्राझीलकडे निघालं होतं. १७९४ साली केप टाउनजवळ ते बुडालं आणि जवळजवळ निम्मी माणसं गेली. हे ठोकळे त्या जहाजाच्या तळातले. माणूस हा माल वजनाला हलका, शिवाय हलणारा, म्हणून जहाज कलू नये यासाठी ठेवलेलं वजन.

मग एकेक मजला चढत आम्ही सगळ्यात वर, संगीताच्या दालनात पोचलो. तिथे जॉर्ज क्लिंटनची 'मदरशिप' उभी होती. पार्लमेंट-फंकाडेलिक या बँडच्या कार्यक्रमात स्टेजवर उतरायचं ते चकचकीत अवकाशयान. (पहिलं १९७६ सालचं. संग्रहालयात आहे ते नव्वदच्या दशकात पुन्हा बनवलेलं.) लेक तेव्हा अकरावीत होती. ती म्हणाली, "आई, खाली पण जहाज, वर पण जहाज."

ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. नंतर ऐकत गेले तसं दिसलं की कुणी शनीवरून आलंय, कुणी अँड्रॉइड (माणसासारखा रोबो) आहे, कुणी समुद्रतळाशी राहतंय. याला 'आफ्रोफ्यूचरिझम' म्हणतात एवढं कळलंय. पण माणसं असं का गात असतील? जाणकारांनी सांगावं.

खटपट्या

लेकीला शंभरपैकी शंभर. खुर्ची टाकून बसलोय, येऊ द्या प्रतिसाद.

अनवट

शनीवरून आलेला तो सन रा. त्याच्यापासूनच सुरू करू.

जन्म १९१४, बर्मिंगहॅम, अलाबामा. नाव हर्मन ब्लाउंट. गोऱ्यांचे नळ वेगळे, बाकं वेगळी, शाळा वेगळ्या अशा त्या गावात हा मुलगा उत्तम पियानो वाजवायचा. दुसऱ्या महायुद्धात त्याने लढायला नकार दिला आणि त्यापायी तुरुंग पाहिला. नंतर शिकागोला गेला आणि १९५२ साली कायद्याने नाव बदलून घेतलं : ले सोनी'र रा. त्यातला रा म्हणजे इजिप्तचा सूर्यदेव. पुढे आयुष्यभर सांगत राहिला की मी या पृथ्वीवरचा नाही, शनीवरून आलोय. त्याच्या वाद्यवृंदाचं नाव 'आर्केस्ट्रा', पण त्यात 'आर्क' आहे, नोहाची नौका. पुन्हा जहाज आलंच!

लोक त्याला विक्षिप्त म्हणत. मीही बरीच वर्षं तेच समजायचो. मग 'स्पेस इज द प्लेस' हा १९७४ चा चित्रपट पाहिला. त्यात तो ओकलंडमधल्या काळ्या तरुण मुलांपुढे येतो. मुलं विचारतात, तू खरा आहेस का? तो म्हणतो, मी खरा नाही, तुमच्यासारखाच. तुम्ही या समाजाच्या लेखी असता, तर तुम्हाला हक्कांसाठी झगडावं लागलं असतं का? तिथे मी चित्रपट थांबवला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. 'मी परग्रहावरचा' या म्हणण्याचा अर्थ तेव्हा लागला. ज्या देशाने तुम्हाला माणसांत मोजलं नाही, तिथे 'मी इथला नाही' हे सरळ विधान आहे.

१९९३ साली बर्मिंगहॅमलाच गेला. त्याला पुरलं ती एल्मवूड दफनभूमी. व्हिएतनाममध्ये मारल्या गेलेल्या एका काळ्या सैनिकाला तिथे जागा नाकारली होती. प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाने सांगितल्यावर ती सगळ्यांना खुली झाली. पृथ्वीवरची ही एवढीशी जागा मिळायलासुद्धा कोर्टाची पायरी चढावी लागली होती.

मुसाफिर

अनवट, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. वाचनखूण साठवली.

कडूनिंब

माझं मत वेगळं आहे, स्पष्टच लिहितो.

मला ही पळवाट वाटते. पोटाला अन्न नाही, घरात उंदीर, आणि तुम्ही शनीच्या गप्पा मारताय? कवी-गायक गिल स्कॉट-हेरनचं 'व्हायटी ऑन द मून' (१९७०) ऐका. बहिणीला उंदीर चावलाय, डॉक्टरचं बिल भरायला पैसे नाहीत आणि गोरा माणूस चंद्रावर फिरतोय. संपला विषय. त्याच्या आदल्या वर्षी, अपोलो ११ उडायच्या आदल्या दिवशी, मार्टिन ल्यूथर किंगचे सहकारी राल्फ अॅबरनॅथी गरीब कुटुंबं आणि खेचरांच्या गाड्या घेऊन केप केनेडीला गेले होते. एका बाजूला रॉकेट, समोर खेचरं. अवकाशाबद्दल ब्लॅक माणसाचं खरं म्हणणं मला तिथे दिसतं. चंदेरी कपडे घालून नाचणं ही करमणूक आहे, चांगली करमणूक आहे, पण तिला तत्त्वज्ञान म्हणू नका.

ठेका

कडूनिंब, अॅबरनॅथींचा किस्सा पुढे वाचला का? नासाचे प्रमुख थॉमस पेन स्वतः त्यांना भेटायला बाहेर आले. अॅबरनॅथींनी भुकेबद्दल सुनावलं, आणि यानातल्या माणसांसाठी प्रार्थना करू असंही म्हणाले. म्हणजे त्यांचं भांडण अवकाशाशी नव्हतं. त्या यानात आमची जागा कुठे, आणि ताटात काय, हे ते विचारत होते.

आता हीच जागा क्लिंटनने कशी मागितली बघा. हा माणूस न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्डला न्हाव्याच्या दुकानात केस सरळ करून द्यायचा, त्याचा पहिला गायकगट तिथेच जमला. १९७५ साली दोन रेकॉर्ड काढल्या. 'चॉकलेट सिटी'त काळ्या माणसांना व्हाइट हाउसमध्ये बसवलं, आणि 'मदरशिप कनेक्शन'मध्ये थेट अवकाशात. जिथे आपला माणूस असेल असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही तिथे त्याला बसवायचं, हा त्याचा हिशेब होता आणि तो त्याने मुलाखतींतून सांगितलेला आहे.

१९७६ च्या ह्यूस्टनच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण मिळालं तर बघाच. ग्लेन गोइन्स नावाचा गायक, चर्चमध्ये तयार झालेला गळा. तो यानाला हाक मारतो. हाक म्हणजे काय, तर जुन्या स्पिरिच्युअलमधली (गुलामांच्या भक्तिगीतातली) ओळ : रथा, खाली ये, थांब, मला घेऊन चल. एकदा, दोनदा, दहादा. हजारो लोक त्याच्याबरोबर गाताहेत. आवाज फाटेपर्यंत तो गातो, आणि मग वरून धूर, दिवे, आणि यान उतरतं. माझ्या अंगावर प्रत्येक वेळी काटा येतो. गुलामगिरीतल्या माणसांनी बायबलमधला रथ गाण्यात आणला होता, तोच रथ आता विजेवर चालतोय.

खटपट्या

न्हाव्याच्या दुकानात बसून अवकाशयानाचा बेत! आमच्या गावात न्हाव्याच्या दुकानात फक्त ग्रामपंचायतीचे बेत शिजतात.

मुसाफिर

ठेका, रथाचं वाचून तुकोबांना न्यायला आलेलं विमान आठवलं. छळलेल्या माणसाला न्यायला वरून काहीतरी येतं ही कल्पना किती ठिकाणी असते.

कडूनिंब

@ठेका, चांगलं लिहिलंय. अॅबरनॅथींच्या प्रार्थनेचं माहीत होतं, तरी मी तो भाग गाळला, हे मान्य. पण प्रश्न राहतोच. यान उतरलं, टाळ्या पडल्या, लोक घरी गेले. घर तिथेच, उंदीर तिथेच.

गिअरबॉक्स

मी डेट्रॉइटजवळ ट्रॉयला राहतो, गाड्यांच्या धंद्यात आहे, १८ वर्षं झाली. घर तिथेच, उंदीर तिथेच यावरून लिहावंसं वाटलं.

इथे सत्तरच्या दशकाच्या शेवटी रेडिओवर 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' नावाचा निवेदक यायचा. चेहरा लोकांना माहीत नाही, फक्त आवाज. त्याच्या कार्यक्रमात रोज रात्री मदरशिप उतरायची. तो सांगायचा, घरात असाल तर ओसरीवरचा दिवा लावा, गाडीत असाल तर हॉर्न वाजवा, म्हणजे यानाला कुठे उतरायचं ते कळेल. आणि लोक लावायचे! माझ्याबरोबर काम करणारा एक वयस्क ब्लॅक फोरमन (आता निवृत्त) सांगतो, त्याची आजी आधी चिडायची, वीजबिल कोण भरणार म्हणून. मग एका रात्री ती स्वतःच उठून दिवा लावून आली. तो सांगतो, रस्त्याकडे बघितलं तर दिवे लागलेली घरं दिसायची. १९६७ च्या दंगलीनंतर गोरे निघून गेले होते, १९७२ ला मोटाउन ही इथली रेकॉर्ड कंपनीही लॉस एंजेलिसला गेली होती, गल्लीत रिकामी घरं वाढत होती. त्या गल्लीत रात्री दहा-बारा दिवे एकदम लागले की कळायचं, अजून कोण कोण राहतंय.

कडूनिंब, उंदीर तिथेच होते हे खरं. पण शेजारी दिसत होता.

मोजो पार्लमेंटच्या पाठोपाठ क्राफ्टवेर्क या जर्मन बँडची गाणी लावायचा. ते ऐकत वाढलेली डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिलची तीन पोरं, वान अॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन. यांनीच टेक्नो, म्हणजे यंत्रांवर बनवलेलं नाचाचं संगीत, जन्माला घातलं. डेरिक मेने त्याचं वर्णन असं केलं होतं की जॉर्ज क्लिंटन आणि क्राफ्टवेर्क एका लिफ्टमध्ये अडकलेत आणि सोबतीला फक्त एक सीक्वेन्सर (ठरवून दिलेले सूर आपोआप वाजवणारं यंत्र) आहे. (रातराणी, तुमच्या लिफ्टवरून आठवलं.) अॅटकिन्सचं म्हणणं मला धंद्यामुळे जास्त भिडतं. तो म्हणाला होता की मोटाउनची गाणी फोर्डच्या असेंब्ली लाइनसारखी बनली, पण आता कारखान्यात रोबो आहेत, आणि मला त्या रोबोंमध्ये जास्त रस आहे. ज्या रोबोंनी शेजारच्या काकांची नोकरी खाल्ली, त्यांचाच आवाज घेऊन याने 'नो यूएफओज' (१९८५) बनवलं. मी रोज वेल्डिंग रोबोंच्या रांगेजवळून जातो. हात खाली, ठिणगी, हात वर, वळण, पुन्हा खाली. तो ठेका ओळखीचा आहे.

तंबोरा

गिअरबॉक्स, फार सुंदर. ओसरीवरचे दिवे विसरणार नाही.

समुद्रतळाचं काय ते कुणीतरी लिहा ना, रातराणीने विचारलंय.

गिअरबॉक्स

ते पण डेट्रॉइटचंच. ड्रेक्सिया नावाची जोडी, जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड. चेहरे लपवून काम केलं. संगीतात शब्द जवळजवळ नाहीत. १९९७ च्या 'द क्वेस्ट' या संग्रहासोबत त्यांनी एक छोटी नोंद छापली. गुलामांच्या जहाजांवरून आजारी गरोदर बायकांना समुद्रात फेकून दिलं जायचं. पोटातलं बाळ तर पाण्यातच श्वास घेत असतं, मग ती बाळं पाण्यातच जन्मली आणि जगली असतील तर? त्यांची वस्ती म्हणजे ड्रेक्सिया.

स्टिन्सन २००२ साली गेला, वय फार नव्हतं.

रातराणी

हे वाचून त्या लोखंडी ठोकळ्यांपाशी पुन्हा जाऊन उभी राहिले. साओ जोझेवरून फेकलेली नव्हती, बुडालेली होती माणसं, पण पाणी तेच.

अनवट

ज्या अभ्यासकाने 'आफ्रोफ्यूचरिझम' हा शब्द केला तो मार्क डेरी. १९९३ साली त्याने तीन ब्लॅक लेखक-अभ्यासकांच्या मुलाखती घेतल्या, त्याच्या प्रस्तावनेत हा शब्द आला. तो विचारतो की ज्यांचा भूतकाळ मुद्दाम पुसून टाकला, त्यांना भविष्य कसं कल्पता येईल? आणि त्याच लेखात म्हणतो की आफ्रिकन अमेरिकन हे एका अर्थाने परग्रहवासीयांनी पळवून नेलेल्यांचे वंशज आहेत. अनोळखी लोक जहाजातून येतात, पळवून नेतात, शरीरावर खुणा करतात, नाव काढून घेतात. विज्ञानकथेत जे घडेल म्हणून आपण घाबरतो ते त्यांच्या पणजोबांवर घडून गेलंय.

वैदर्भी

एलियन आणि एलिएनेशन हा इंग्रजीतला खेळ इथे कुणीतरी काढणारच होतं, मी मराठीतला काढते. परका, परदेश, परग्रह, आणि आपल्याकडे समीक्षेत चालतो तो शब्द परात्मता. सगळीकडे तोच 'पर'. स्वतःच्याच गावात पर.

नागपूरची आहे, म्हणून हेही लिहिते. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र पाठवलं होतं. तिथल्या नॅशनल निग्रो काँग्रेस या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत हवी होती. डू बॉइस यांचं उत्तरही आलं. याच डू बॉइस यांनी १९२० साली 'द कॉमेट' ही कथा लिहिली होती. धूमकेतूच्या विषारी वायूने न्यूयॉर्क मरून जातं, एक काळा पुरुष आणि एक गोरी स्त्री उरतात. जग संपलं तेव्हा कुठे तिला तो माणूस दिसतो. ही कथा आफ्रोफ्यूचरिझमच्या मुळाशी मानतात. पुढे १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर संघटनेवरून नाव घेऊन. कडूनिंब म्हणतो त्या थेट भाषेचं आमच्या घरात मोल आहे. वडील जलशात गायचे, त्यात यान नव्हतं, विहीर होती, पाणी होतं. तरीही सन राचं 'मी खरा नाही, तुमच्यासारखाच' वाचलं तेव्हा वडीलच आठवले. शाळेत त्यांना मास्तर हजेरीत घ्यायचे, पण बसायला बाहेर सांगायचे.

ठेका

वैदर्भी, लिहिलंत ते बरं केलंत.

अनवट

सहमत. एक फरक मात्र नोंदवतो. यांची भाषा गेली, आडनाव मालकाचं लागलं, कुठल्या गावातून आणलं हे कळायची सोय राहिली नाही. म्हणून सन राला नाव नव्याने करावं लागलं, इजिप्तपर्यंत मागे जावं लागलं. तुमच्या वडिलांना विहीर कुठली ते माहीत होतं.

वैदर्भी

हो, हा फरक खरा आहे. विहीर अजून आहे.

तंबोरा

थोडं अवांतर, पण डेट्रॉइटवरून आठवलं. जॅझ वादक अॅलिस कोल्ट्रेन तिथलीच, जन्म १९३७, चर्चमध्ये ऑर्गन वाजवत वाढली. नवरा जॉन कोल्ट्रेन १९६७ ला गेला, चार लहान मुलं, झोप उडालेली. मग स्वामी सच्चिदानंदांकडे गेली, भारतात येऊन गेली. १९७१ च्या रेकॉर्डवर हार्पच्या खाली तंबोरा आहे. आमच्या बाईंना मी ती ऐकवली. त्यांनी पहिलं काय विचारलं, तर जोडीच्या तारा बरोबर लागल्यात का! मग डोळे मिटून पूर्ण ऐकली.

पुढे तिने कॅलिफोर्नियात अगौरा हिल्सला आश्रम काढला आणि तिथे भजनं बसवली. शब्द संस्कृत, खाली सिंथेसायझर, आणि गाणारे लोक चर्चमधलं गॉस्पेल म्हणावं तसे टाळ्या वाजवत गाताहेत. आश्रमाबाहेर फारशी कुणी ऐकली नव्हती, २०१७ ला संग्रह निघाला तेव्हा जगाला कळलं. सन राला शनीवर घर सापडलं, हिला आपल्या भजनात. मला त्यात उसनेपणा वाटत नाही, कारण आवाज चर्चमधलाच राहिलाय.

लिंबूटिंबू

मी इथे वयाने लहान असेन, पण आजचे कलाकार कुणीच काढले नाहीत!

आउटकास्ट. १९९५ साली न्यूयॉर्कच्या पुरस्कार समारंभात अटलांटाची ही दोन पोरं जिंकली आणि सभागृहाने हुर्यो केली, कारण रॅप म्हणजे न्यूयॉर्क नाहीतर लॉस एंजेलिस. त्यांतल्या आंद्रेने माइकवर सांगितलं की दक्षिणेलाही काही सांगायचंय. पुढच्या वर्षी रेकॉर्ड आली, नाव 'एटीएलियन्स'. एटीएल म्हणजे अटलांटा, पुढे एलियन्स. म्हणजे गोऱ्यांच्या देशात पर आणि आपल्याच लोकांतही पर.

आणि गायिका जनेल मोने! तिची नायिका सिंडी मेवेदर अँड्रॉइड आहे, माणसावर प्रेम केलं म्हणून तिला तोडून टाकायचा हुकूम निघतो. 'द आर्चअँड्रॉइड' २०१० ची. ती वर्षानुवर्षं फक्त काळा-पांढरा टक्सिडो घालायची. लोकांना ती रोबोची फॅशन वाटायची. तिने सांगितलं की माझी आई सफाईकाम करायची, वडील कचरा उचलायचे, सावत्र वडील पोस्टात होते, ते गणवेशात कामावर जायचे, म्हणून माझाही गणवेश. कडूनिंबकाका, अँड्रॉइडच्या पोटात सफाई कामगार आहे. ही पळवाट कशी?

कडूनिंब

लिंबूटिंबू, टक्सिडोचं माहीत नव्हतं. आज ऐकतो.

ओसरीच्या दिव्यांवर दोन दिवस विचार करतोय. पळवाट हा शब्द मागे घेतो. गिल स्कॉट-हेरन मात्र माझ्यासाठी वरच राहील. भुकेचं नाव घेऊन बोलणारा कुणीतरी लागतोच, नाहीतर यान उतरतं आणि खालच्या माणसाकडे बघायचं राहून जातं.

गिअरबॉक्स

यावर भांडण नाही. एक दुःख मात्र सांगतो. इथे मे अखेरीस हार्ट प्लाझात टेक्नोचा मोठा महोत्सव असतो. बर्लिनहून लोक येतात. कामावरच्या तरुण ब्लॅक पोरांना विचारलं, तर एक म्हणाला, "ते युरोपातलं गोऱ्यांचं संगीत ना?" त्याच्या मामाच्या गल्लीत जन्मलेलं संगीत त्याला परकं झालंय. मी त्याला गाडीत बसवून ग्रँड बुलेवर्डला सबमर्ज या टेक्नो रेकॉर्डच्या कंपनीच्या इमारतीत घेऊन गेलो, तिथे टेक्नोचं छोटं संग्रहालय आहे. तो एका जुन्या ड्रम मशीनपुढे थांबला आणि म्हणाला, हे आमच्या तळघरात होतं.

रातराणी

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस मी आणि लेक मिळून हा धागा वाचतोय. ती आता हैदराबादला नोकरी करते, रोज रात्री फोनवर. ग्लेन गोइन्सचं चित्रीकरण काल तिने तिकडे आणि मी इकडे एकदमच लावलं. तो हाक मारायला लागला तेव्हा दोघी गप्प होतो.

यान उतरल्यावर ती म्हणाली, "आई, वॉशिंग्टनला आपण त्याच्या शिडीपाशी उभ्या होतो." मला शिडी आठवतच नव्हती. फोटो काढून बघितला. आहे, खाली जमिनीपर्यंत आलेली.

खटपट्या

फोटो टाका!